सहावा आला तेव्हा

बुधवार, 5 जून 2024

काल सगळा देश मतमोजणी बघत होता. आमच्याकडेही सकाळपासून टीव्ही लावलेला होता. तेवढ्यात नीटचा निकाल आला. 14 तारखेला लागायचा तो दहा दिवस आधीच, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. चिऊला 720 पैकी 412. ह्यांनी उठून टीव्ही बंद केला. मामंजी गेले त्या रात्रीनंतर घरात इतकं सामसूम कधी झालं नव्हतं.

आकडा कळल्यावर चिऊ एवढंच म्हणाली, "आई, मी कमी पडले." मार्क कमी पडले, असं ती म्हणाली नाही. रात्री बहिणीचा फोन आला तेव्हा मीही तेच बोलले, "पोरगी कमी पडली गं." क्रियापद तेच, कर्ता मात्र बदलला. चोवीस वर्षं मी मुलांना कर्ता ओळखायला शिकवते आहे आणि ही अदलाबदल माझ्या लक्षात आली आज पहाटे.

झोप येईना म्हणून चिऊच्या जुन्या जर्नलमधली कोरी पानं काढून ही वही शिवली. शाळेतल्या मुलांची नावं हिच्यात लिहायची नाहीत, असं ठरवलं आहे. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात 14416 हा आकडा लिहून ठेवला. टेलिमानस ही सरकारी सेवा 2022 साली सुरू झाली. मन खचलेल्या माणसाला तिथे रात्री-अपरात्रीही बोलता येतं. तोच आकडा फ्रिजच्या दारावर चिकटवला. वापरायची वेळ येऊ नये, पण घरात सगळ्यांना तो ठाऊक असावा.

मी सातवीत असताना एका गुरुजींनी भर वर्गात सांगितलं होतं, "हिला गणित जमायचं नाही. हिला शिवणकामाला घाला." मी डी.एड. झाले, गणित शिकवू लागले, माझ्या हाताखालची मुलं शिष्यवृत्तीला बसली. तरी आजही महिन्याच्या तक्त्याची बेरीज मी तीन-तीनदा करते. पहिल्यांदा बरोबर आलेली असते, पण माझा विश्वास बसत नाही. ते वाक्य पस्तीस वर्षं माझ्यात मुक्कामाला आहे. मग कालचं वाक्य चिऊकडे किती वर्षं राहील?

रविवार, 9 जून

पुतण्या नऊ वर्षांचा झाला. पाऊस लागायच्या आत त्याला पोहायला आलंच पाहिजे, असं ह्यांनी मनावर घेतलं आहे. मळ्यातल्या विहिरीला पाणी आता कमरेएवढंच उरलं आहे, पण मधोमध खोल आहे. पाठीला पत्र्याचा डबा, कमरेला दोर. चिऊ पाच दिवसांनी पहिल्यांदा घराबाहेर पडली आणि वरच्या पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसली.

मी ह्यांच्याकडे नीट बघत होते. "वा रे पठ्ठ्या" वगैरे काही नाही. "पाय हाण. मान वर. दोर माझ्या हातात आहे." एवढ्या तीन गोष्टी, पुन्हा पुन्हा. मधे पोराच्या नाकातोंडात पाणी गेलं, तो रडला. ह्यांनी दोर ओढून त्याला पायरीशी आणलं, खोकला थांबेपर्यंत पाठीवर हात ठेवला आणि मग परत पाण्यात सोडलं. शेवटच्या फेरीत दोर पार सैल होता, पाण्यावर तरंगत होता. पोराला त्याचा पत्ता नव्हता. पलीकडच्या कडेला हात लागल्यावर त्याने मागे वळून बघितलं, दोर बघितला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते कुणाच्याही शाबासकीतून आलेलं नव्हतं. त्याला पोहता येतं हे त्याला पाण्याने सांगितलं होतं.

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतं आहे. दोर आणि पाणी, दोन्ही लागतात. दोर नसेल तर मूल भीतीने आखडतं आणि आयुष्यभर काठावर बसतं. पाणीच नसेल तर दोर धरून नुसतं "छान, छान" म्हणत राहायचं, पोहणं काही येत नाही. मूल चुकलं, बुडालं, रडलं तरी आपला हात सुटणार नाही, ही खात्री म्हणजे दोर. आणि पाणी म्हणजे खरं काम. ज्यात चूक होऊ शकते, असं काम.

शनिवार, 15 जून

शाळा सुरू झाली. पहिलीच्या बाळांना गुलाबाचं फूल, नवी पुस्तकं, गोड शिरा. आमची शाळा पहिली ते चौथी, पट 43, शिक्षक दोन. तिसरी-चौथी माझ्याकडे.

चौथीत एक नवा मुलगा आला आहे. आजोळी राहायला आणलंय. पहिल्याच तासाला मी वाचायला उठवलं तर उभा राहिला आणि न विचारता म्हणाला, "बाई, मी ढ हाय." तक्रार नव्हती, लाज नव्हती. माझं आडनाव अमुक आहे असं सांगावं, तितक्या सहज सांगितलं.

हा शब्द कुठून आला हे आम्हाला डी.एड.ला सांगितलं होतं. ब्राह्मीतली बाकीची अक्षरं शतकानुशतकं वळणं बदलत गेली, ढ जवळजवळ आहे तसाच राहिला, म्हणून ज्याच्यात बदल होत नाही तो ढ, अशी व्युत्पत्ती सांगतात. खरीखोटी असो. नऊ वर्षांच्या मुलावर "तू बदलणार नाहीस" असा शिक्का मारायला एक अक्षर पुरतं, हे मात्र खरं. मुलांना मानसिक त्रास द्यायला शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. पण हा शिक्का छडीसारखा दिसत नाही. कपाटात जप्त करून ठेवता येत नाही.

सोमवार, 24 जून

आज वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीने वहीचं पान फाडलं. भागाकार चुकला होता. खोडरबराने खोडून खोडून कागद झिजला, तेव्हा तिने तो काढूनच टाकला. मी विचारलं तर म्हणाली, "मी नाही फाडलं बाई, आधीपासनंच नव्हतं." तिच्या दप्तरात चुरगळलेला कागद मला दिसत होता.

खोटं बोलली म्हणून मी रागवायला तोंड उघडलं आणि थांबले. पहिलीपासून हिला मी काय म्हणत आले? "हुशार गं माझी बाय." प्रत्येक बेरजेला, प्रत्येक शुद्धलेखनाला. मागे एका प्रशिक्षणात अमेरिकेतला एक अभ्यास सांगितला होता. म्युलर आणि ड्वेक या दोघी मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली तो प्रसिद्ध केला. पाचवीच्या मुलांना काही कोडी सोडवायला दिली. सोडवल्यावर काहींना म्हटलं, तू हुशार दिसतोस. काहींना म्हटलं, तू बरीच मेहनत घेतलेली दिसते. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यात सगळेच अडखळले. पुढे पुन्हा सोपी दिली, तेव्हा हुशार म्हटलेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली आणि मेहनती म्हटलेल्यांची सुधारली. आणि आपले गुण दुसऱ्या मुलांना कळवायला सांगितल्यावर हुशार म्हटलेल्यांपैकी जास्त मुलांनी ते वाढवून सांगितले.

प्रशिक्षणात मी हे वहीत उतरवून घेतलं होतं. आज ते दप्तरातल्या चुरगळलेल्या कागदात दिसलं. हुशार असणं हीच तिची ओळख मी करून ठेवली. मग एक भागाकार चुकला तर गुण जात नाही, ओळखच जाते. ती वाचवायला मूल पान फाडणार नाही तर काय करेल?

मी तो कागद मागितला नाही. फळ्यावर तोच भागाकार घेतला, हातचा कुठे निसटतो ते दाखवलं आणि म्हटलं, "इथं माझाही लहानपणी घोटाळा व्हायचा. कुणाकुणाचा होतो?" आठ हात वर झाले. तिचा नाही झाला. चालेल. दोर हळूहळू सैल करायचा असतो, तसा विश्वासही हळूहळूच बसतो.

गुरुवार, 27 जून

उलटी चूक आज केली. नव्या मुलाने अडखळत तीन ओळी वाचल्या. मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, "अरे वा! काय अप्रतिम वाचलंस! सगळ्यांनी टाळ्या वाजवा." टाळ्या झाल्या. मुलगा खाली बसला आणि नंतर दिवसभर पुस्तक उघडेना.

संध्याकाळी चिऊला हे सांगितलं. ती आताशा थोडं बोलते. तिने मोबाईलवर शोधून नेदरलँड्समधला एक प्रयोग वाचून दाखवला. 2014 चा, ब्रुमेलमन नावाच्या संशोधकाचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा. मुलांनी व्हॅन गॉगच्या रानगुलाबांच्या चित्राची नक्कल काढायची. मग एका चित्रकाराची म्हणून चिठ्ठी मिळायची. कुणाला "सुंदर चित्र", कुणाला "विलक्षण सुंदर चित्र". एका शब्दाचा फरक. नंतर पुढचं चित्र सोपं हवं की अवघड, ते मुलांनी निवडायचं. स्वतःबद्दल आधीच कमी वाटणाऱ्या मुलांना "विलक्षण" मिळालं की ती सोप्याकडे वळली. "सुंदर" एवढंच मिळालं त्यांनी अवघड निवडलं. आणि मोठी माणसं "विलक्षण" कुणाला म्हणतात? ज्या मुलाचं मन खचलेलं आहे असं त्यांना वाटतं, त्यालाच जास्त.

आत्या, म्हणजे चिऊची आजी, चूल पुसता पुसता ऐकत होत्या. म्हणाल्या, "हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की उतरायला शिडी कुठनं आणायची?" हरभऱ्याचं झाड ते केवढं! त्याच्यावर चढवलेल्याला आपण पडणार हे आधीच ठाऊक असतं. मुलगा पुस्तक उघडत नव्हता तो याचसाठी. उद्या अप्रतिम वाचता आलं नाही तर?

ठरवलं: यापुढे दिसलं तेवढंच सांगायचं, पण नक्की सांगायचं. "काल तीन ओळी वाचल्यास, आज पाच. 'क्ष' पाशी थांबलास, पण सोडून पुढे नाही गेलास." यात 'वा' नाही. पण बाईंनी आपल्याला खरंच पाहिलं, हे त्यात आहे.

सोमवार, 8 जुलै

नवा मुलगा सकाळी डेअरीत दूध घालून शाळेत येतो, हे आज कळलं. लिटर, मिली, फॅट, दर, सगळं तोंडपाठ. फळ्यावर गुणाकार टाकला की मात्र गोठतो. मी सरांशी बोलून त्याला एक काम दिलं. पोषण आहारात आमच्या मुलांना माणशी 100 ग्रॅम तांदूळ. रोज दोन्ही वर्गांची हजेरी मोजायची, किती तांदूळ लागेल ते काढायचं आणि स्वयंपाकाच्या मावशींबरोबर काट्यावर मोजून द्यायचा. पहिल्या दिवशी हजर 38. बोटं मोजली नाहीत, कागद घेतला नाही. "तीन किलो आठशे," म्हणाला. मावशी म्हणाल्या, "बराबर."

सर जरा साशंक होते. "मॅडम, हे काम एखाद्या चांगल्या मुलाला द्या की." मी म्हटलं, "चांगल्या मुलाला ते कशाला पाहिजे, सर? त्याला आपण कामाचे आहोत हे माहीतच आहे."

गुरुवार, 11 जुलै

आज घोळ झाला. हजर 41, तांदूळ निघाला तीन किलो शंभर. खिचडी तिसरीपर्यंत वाढून झाली आणि पातेल्याचा तळ दिसला. मावशींनी पुन्हा चूल पेटवली. चौथीची मुलं अर्धा तास ताट घेऊन बसली. कुणीतरी म्हणालं, "त्यानं मोजला होता." सगळ्या माना वळल्या.

मुलगा खांबाआड उभा होता. मी जवळ गेले तर म्हणाला, "बाई, मी सांगितलंच हुतं."

माझ्या तोंडावर आलं होतं, "जाऊ दे रे, काही नाही झालं." पण झालं होतं. मुलं उपाशी बसली होती. काही झालंच नाही असं सांगणं म्हणजे त्याच्या कामाला किंमत नाही असं सांगणं. मी विचारलं, "किती कमी पडला?"

"एक किलो."

"काय कमी पडलं?"

माझ्याकडे बघत राहिला. "तांदूळ."

"तांदूळ कमी पडला. तू नाही. तांदूळ परत मोजता येतो. आता सांग, उद्या काय करायचं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "डेअरीत आमी दोनदा मापतो. एकदा आमी, एकदा त्ये."

"मग इथंही दोनदा माप. एकदा तू, एकदा मावशी."

मान हलवली. खिचडी शिजल्यावर चौथीला त्यानेच वाढली.

वाक्य बोलून झाल्यावर माझं मलाच ते ऐकू आलं. तांदूळ कमी पडला, तू नाही. गेले पाच आठवडे घरात एक मुलगी हेच ऐकायला थांबली आहे आणि मी ते शाळेत बोलून आले.

शुक्रवार, 12 जुलै

कराडच्या वाचनालयातून डॉ. अंजली जोशींचं 'मी अल्बर्ट एलिस' आणलं. विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचा हा जनक. कि. मो. फडके यांनी ही पद्धत मराठी माणसांपर्यंत पोचवण्यासाठी खूप कष्ट घेतले. एलिसच्या तरुणपणातला एक प्रसंग मी चिऊला सांगितला. एकोणीस वर्षांचा असताना त्याला मुलींशी बोलायची भयंकर भीती. त्याने ठरवलं, महिनाभर न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात जायचं आणि बाकावर एकटी बसलेली जी स्त्री दिसेल तिच्याशी बोलायचं. 130 भेटल्या. 30 उठून गेल्या. उरलेल्या 100 जणींशी तो बोलला. एक जण भेटायला येते म्हणाली, तीही आली नाही. पण त्याची भीती गेली. शंभर नकार पचवूनही तो माणूस होता तसाच, धडधाकट बाकावर बसलेला होता.

चिऊ हसली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

एलिसचं मुख्य म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. माणसाच्या कृतीला गुण द्या, वागण्याला द्या, पण अख्ख्या माणसाला गुण देऊ नका. तसा कुठला कागदच अस्तित्वात नाही. त्याच्या खूप आधी, 1890 साली, विल्यम जेम्सने स्वतःबद्दलच्या भावनेचा चक्क अपूर्णांक मांडला होता: वर अंश यश, खाली छेद अपेक्षा. यश वाढवा किंवा अपेक्षा घटवा, उत्तर मोठं होतं. गणिताच्या बाईला हे पटकन पटतं. पण मी विचार केला, चिऊचा छेद कुणी लिहिला? तिच्या पहिल्या वाढदिवसाला तिने खेळण्यातलं स्टेथोस्कोप उचललं तेव्हा घरभर "डॉक्टरीण, डॉक्टरीण" झालं. ते आम्ही केलं. सतरा वर्षं तो छेद आम्ही वाढवत नेला आणि अंश तिने एकटीने भरायचा.

एलिस म्हणतो तो मार्ग याहून वेगळा. मुलाची पेन्सिल अपूर्णांकावर चालू द्या. मूल त्या अपूर्णांकात बसवू नका. न्यूनगंड आणि अहंगंड दोन्ही त्याच कागदावर लिहिले जातात. एकाचं उत्तर एकापेक्षा कमी, दुसऱ्याचं जास्त. निकोप आत्मसन्मान म्हणजे मोठं उत्तर नव्हे. स्वतःला त्या गणितातून बाहेर काढणं, मग मोकळ्या मनाने आपल्या चुका मोजणं.

बुधवार, 17 जुलै, आषाढी एकादशी

सुट्टी. आत्यांचा निर्जळी उपवास. दुपारी चिऊने त्यांना विचारलं, "आजी, यंदा घेवडा कधी पेरायचा होता? काका चुकले का?" आत्यांनी ओंजळभर माती कशी दाबून बघायची, ओल किती खोल गेली ते कसं ओळखायचं, हे दहा मिनिटं सांगितलं. आणि शेवटी पदर सावरत म्हणाल्या, "मला अडाणीला काय कळतंय म्हणा."

चिऊ आणि मी एकमेकींकडे बघितलं. एका छपराखाली तीन बायका आणि तिघींची तीन वाक्यं. मला काय कळतंय. मला गणित जमायचं नाही. मी कमी पडले. वाक्यं आपल्याकडे दागिन्यांसारखी आईकडून लेकीकडे येतात.

मी आत्यांना विचारलं, "तुमच्या लहानपणी कुणी तुमचं कौतुक केलं होतं का?" म्हणाल्या, "पोरांचं कौतुक पोटात ठेवावं. तोंडानं केलं की दृष्ट लागते." म्हणजे कौतुक होतं. प्रेमही होतं. फक्त ते पोरीपर्यंत पोचलंच नाही. साठ वर्षं पोटातच राहिलं.

चिऊ म्हणाली, "आजी, माती बघायला मला शिकव. उद्यापासून." आत्या काही बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना त्यांनी तिलाच बोलावलं.

गुरुवार, 1 ऑगस्ट

मधल्या सुट्टीत सरांच्या मोबाईलभोवती शाळा गोळा झाली. पॅरिस ऑलिंपिक, 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स. आपल्या जवळच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्नील कुसाळे. कांस्यपदक! मुलांनी पत्र्याच्या शेडखाली जो गलका केला, त्यात पावसाचा आवाजही बुडाला.

सरांनी मग खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. गोळेश्वर तर कराडला चिकटलेलं गाव. 1952, हेलसिंकी, कुस्तीत कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. महाराष्ट्राला वैयक्तिक खेळातलं पुढचं पदक मिळायला आजपर्यंत, म्हणजे 72 वर्षं लागली. खाशाबा परत आले तेव्हा कराडहून गावापर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती.

मी भर घातली, की त्याआधी 1948 ला लंडनला खाशाबा सहावे आले होते. स्वप्नीलही 2022 च्या कैरोच्या विश्वस्पर्धेत चौथा आणि गेल्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक प्रकारात पुन्हा चौथा. प्रयत्न सोडला नाही, म्हणून पदक मिळालं. सगळे शिक्षक सांगतात तसंच मीही सांगितलं.

तांदूळ मोजणाऱ्या मुलाने हात वर केला. "बाई, सहावा आला तवा बैलगाड्या आल्या हुत्या का?"

मला उत्तर देता आलं नाही. घंटा झाली.

शुक्रवार, 2 ऑगस्ट

रात्रभर तो प्रश्न उशाशी होता. आम्ही गोष्ट सांगतो ती पदकाकडून मागे. पदक मिळालं म्हणून सहाव्या नंबरला अर्थ आला. पण 1948 ला लंडनहून परतणाऱ्या खाशाबांना 1952 माहीत नव्हतं. त्या वेळी त्यांच्यापाशी होता तो सहावा नंबर आणि परतल्यावर कुणी काय म्हणेल ते. 1952 चं पदक आलंच नसतं, तरी लंडनहून आलेल्या त्या तरुणाला घरात भाकरी मिळायला हवी होती की नाही? मिरवणूक पदकाची असते. भाकरी माणसाची असते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की मुलाला वाटतं, भाकरीसुद्धा पदकावरच मिळते.

वर्गात मी त्याला एवढंच सांगितलं, "बैलगाड्यांचं मला माहीत नाही. पण तुझा प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर बाईंना आधी घरी द्यायचंय."

रात्री चिऊच्या खोलीत गेले. कॉटच्या कडेला बसले. म्हटलं, "चार जूनला तू जेवली नव्हतीस. मी तुला विचारलंसुद्धा नाही. मावशीशी फोनवर बोलले, दोन शेजारणींना तोंड चुकवलं, पण तू जेवलीस का ते विचारलं नाही. माझं चुकलं, बाळा."

ती भिंतीकडे बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तू दार लोटून गेलीस तेव्हा मला वाटलं, आता 412 वालीच आई झाली तुझी."

वाक्य उलटसुलट झालं, पण मला कळलं. तिला म्हणायचं होतं, तुझी मुलगी म्हणजे आता 412.

"412 तुझ्या पेपरला पडले," मी म्हटलं. "तुला आम्ही कधीच मोजलं नव्हतं. मोजल्यासारखं वागलो, ते चुकलो."

ती रडली. मीही रडले. मग तिने सांगितलं, की पुन्हा वर्षभर तयारी करायची की नाही ते तिचं तिला ठरवायचं आहे. तोवर कराडला बी.एस्सी.ला नाव घातलं आहेच. आणि ज्या मैत्रिणीचा नंबर लागणार आहे, तिचे चौदा फोन तिने उचलले नव्हते. उद्या उचलणार आहे. "एलिसच्या बाकासारखं," म्हणाली.

शनिवार, 10 ऑगस्ट

केंद्राची शिक्षण परिषद. या वेळी तांदळाच्या हिशोबावर मला बोलायचं होतं. केंद्रप्रमुखांनी सांगितलं तेव्हा नेहमीसारखं "माझ्यापेक्षा दुसऱ्या कुणाला द्या" ओठावर आलं होतं. गिळलं.

चाळीस शिक्षकांपुढे उभी राहिले. चौथ्या मिनिटाला 100 ग्रॅमचे किलो करताना डोकं रिकामं झालं. सातवीतला तो वर्ग, ते गुरुजी, सगळं समोर. मी म्हटलं, "थांबा हं, परत मोजते." दोनदा मापायचं. पुन्हा फळ्याकडे वळले, पुन्हा मांडलं, पुढे गेले. कुणी हसलं नाही. हसलं असतं तरी मी पुढे गेले असते, असं आज लिहावंसं वाटतं.

शेवटी एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, "फळ्यावरचं अक्षर मागे दिसत नव्हतं." खरं होतं. पुढच्या वेळी मोठं काढायचं, असं लिहून घेतलं. माझ्याबद्दल त्यात काही नव्हतं, अक्षराबद्दल होतं. एक नवीन शिक्षिका जवळ आली, म्हणाली, "मॅडम, सोमवारीच आमच्याकडे करून बघते. त्या मुलाशी तुम्ही बोललात ते फार आवडलं." चोवीस वर्षांची सवय म्हणाली, छे हो, मी कुठं काय केलं. मी म्हटलं, "धन्यवाद. मलाही आवडलं होतं."

त्या फाडलेल्या पानाच्या मुलीने काल चुकलेला भागाकार न खोडता खाली पुन्हा सोडवला. नवा मुलगा आता आठ ओळी वाचतो. 'ढ'चं नाव त्याने महिन्यात काढलेलं नाही. उद्या काढेलही. दोर अजून माझ्या हातात आहे.

एसटीत बसले तेव्हा फोन वाजला. चिऊ. मला वाटलं विचारेल, भाषण कसं झालं?

"आई," म्हणाली, "जेवलीस का?"